सांबरशिंगाची मूठ : परीक्षा आणि मोल
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



सांबरशिंग म्हटले की सहाणेवर उगाळलेला लेप आपणां वडीलधाऱ्यांस आठवतो. परंतु या शिंगाचा दुसरा प्रवास पुष्कळांस ठाऊक नसतो. हिंदुस्थानातील सांबरांची शिंगे एके काळी परदेशी जात. इंग्लंडातील शेफील्ड येथे ती सुऱ्यांना आणि अमेरिकेत रिव्हॉल्व्हरांना मुठी म्हणून बसत. तिकडे अशा मुठीस 'स्टॅग' म्हणतात. पुढे भारतातून ही निर्यात बंद झाली आणि जुन्या मुठींचा भाव चढला. भाव चढला की नक्कल येतेच. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलांपैकी कोणी अशी जुनी वस्तू घेऊ लागला, तर त्याच्या कष्टाचा पैसा प्लॅस्टिकवर जाऊ नये, एवढाच आमच्या बोलण्याचा हेतू आहे.

गाईम्हशींचे शिंग नखाच्या जातीच्या द्रव्याचे असते; सांबराचे शिंग मात्र हाडच होय. ते गळून पडते व पुन्हा उगवते. त्याचा बाहेरचा थर घट्ट, तर गाभा सच्छिद्र असतो. सांबराच्या शिंगात हा घट्ट थर विशेष जाड असल्यामुळे कारागिरांनी त्यास पसंती दिली.

परीक्षेपूर्वी शस्त्र जाणत्या माणसाकडून रिकामे करून घ्यावे. मग मुठीच्या दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहाव्यात. निसर्गाचे काम असल्यास खाचाखळगे सारखे दिसले तरी तंतोतंत जुळत नाहीत. जुळले, तर साचा ओळखावा. नंतर आतील बाजू पाहावी. तेथे करवतीच्या खुणा, क्वचित सच्छिद्र गाभ्याचा अंश दिसतो. साच्यातील प्लॅस्टिकची पाठ गुळगुळीत किंवा पोकळ असते. गाईच्या हाडावर खाचा कोरूनही नक्कल करतात. तेथे भिंगातून हत्याराचे एकसारखे फटकारे दिसतात. तापल्या सुईने परीक्षा करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. त्याने खरी मूठ डागाळते आणि जुने सेल्युलॉइड असल्यास भडका उडतो.

आता मोलाविषयी. शिंग खरे असणे ही केवळ पहिली पायरी होय. ती मूठ त्याच शस्त्राची आहे काय, हा खरा प्रश्न. कोल्ट कंपनीचे 1873 सालचे प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर घ्या. त्यास प्रथम अक्रोडाच्या लाकडाची व पुढे कडक रबराची मूठ सामान्यतः बसे. सांबरशिंग पुष्कळदा मालकाने मागाहून बसविलेले असते. अशी मूठ सुंदर असली, तरी मूळ मूठ हरवली असल्यास संग्राहक शस्त्राचे मोल कमीच धरतो. कोल्टच्या दप्तरातून, क्रमांक कळविल्यास, शस्त्र कारखान्यातून कोणत्या स्वरूपात निघाले याचे पत्र शुल्क भरून मिळू शकते. विक्रेत्याच्या दहा गोष्टींपेक्षा ते एक पत्र अधिक बोलते. जुने शिंग आकसून पोलादाच्या कडेशी बारीक फट पडते. ती वयाची खूण समजावी, घासून सारखी करू नये. तडा, गेलेली साल आणि नवी चकाकी यांनी किंमत उतरते.

येथे, भारतात, मात्र दोन कायदे ध्यानी धरावेत. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारक वारल्यावर त्याचे शस्त्र कपाटात ठेवून चालत नाही. ते विधिपूर्वक जमा करावे लागते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर शिंगाचीही गणना होते. म्हणून घरातील जुनी वस्तू बाजारात नेण्यापूर्वी पोलीस ठाणे व वनखाते यांजकडे विचारणा करावी.

वडीलधाऱ्यांस शेवटची विनंती. वस्तू कोणाची, कधी आली, काय बदलले, हे हयातीतच एका कागदावर लिहून तिच्याजवळ ठेवा. शिंगाची परीक्षा भिंग करील. घराण्याची हकीकत मात्र आपल्यावाचून कोणी सांगणार नाही.