सोन्याचा कण आणि विषाणूची वाट

(मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



सुवर्णकार समाजापुढे सोन्याविषयी बोलणे म्हणजे गोदाकाठच्या माणसास पाण्याची महती सांगण्यासारखे होय. तथापि आम्ही आज ज्या सोन्याविषयी बोलणार आहो, ते आपल्या सराफ्यात मिळत नाही व नुसत्या डोळ्यांस दिसतही नाही. एका गुंजेच्या सोन्यातून त्याचे जवळजवळ १०० लाख कोटी कण होतील. रोगाचा विषाणू जिवंत पेशीत कसा शिरतो, हे पाहण्याच्या कामी शास्त्रज्ञ या कणांचे साह्य घेत आहेत.

सन २०२० आणि २०२१ ही वर्षे आपल्यापैकी कोण विसरेल? करोनाने किती घरांतील कर्ती माणसे नेली! त्या शत्रूचे भारतातील पहिले छायाचित्र पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने २०२० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपले. त्यातील एक विषाणू ७५ नॅनोमीटरचा भरला. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. परंतु अशा छायाचित्रासाठी नमुना सुकवून निर्वात जागी ठेवावा लागतो. तेथे पेशी जिवंत राहत नाही. चोराची तसबीर हाती आली, पण तो घरात कोणत्या वाटेने शिरला हे कळले नाही. साध्या सूक्ष्मदर्शकात पेशी जिवंत दिसते. मात्र सुमारे २०० नॅनोमीटरहून बारीक तपशील त्यास उमगत नाही.

यावर उपाय एकच, चोराच्याच अंगास दिवा बांधणे. चमकणारे रंग त्यासाठी वापरतात, पण ते प्रकाशात लवकर विटतात. सोन्याचा कण विटत नाही. त्यातील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लहरीबरोबर एकदम डोलतात व कण प्रकाश चोहीकडे फेकतो. काळोख्या पार्श्वभूमीवर तो चांदणीसारखा दिसतो. दोन कण अगदी जवळ आले की त्यांची छटा तांबडीकडे झुकते. त्यावरून ते एकत्र जमल्याचे ओळखता येते.

सोने रंग बदलते, यात आपणांस नवल वाटू नये. वर्ख उजेडासमोर धरला तर तो हिरवट दिसतो. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरले की पाणी माणकासारखे लाल होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये दाखविले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी सूक्ष्म कण घडविले व २००४ मध्ये ते कार्य प्रसिद्ध केले. मूस नाही, भट्टी नाही, आणि घडण मात्र रेखीव!

आता विषाणूची वाट पाहू. तो प्रथम पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट रेणूस चिकटतो. पुष्कळदा पेशीच आपले आवरण त्याच्याभोवती वळवून त्यास पिशवीसारखे आत ओढून घेते. पिशवीत आम्लता वाढते. विषाणूचे कवच तिच्याशी एकजीव होते आणि त्याचा आनुवंशिक ऐवज पेशीत उतरतो. दाराशी तो किती वेळ थांबला व कोणत्या मार्गाने आत सरकला, हे कणाच्या प्रकाशावरून टिपता येते. औषध नेमके कोठे आडवे येते, हे जाणण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा होतो.

मात्र एक सावधगिरी हवी. दागिन्यास डाग अधिक झाला की कस उतरतो. विषाणूस कण अधिक जडले की त्याची चालच बदलते. म्हणून कण न जडविलेल्या विषाणूशी ताडून पाहावे लागते. शिवाय कवचास जडलेला कण कवचापाशीच राहतो. आतला ऐवज पुढे कोठे गेला, ते तो सांगू शकत नाही.

बंधुभगिनींनो, या प्रयोगातील सोने म्हणजे दिवा आहे, औषध नव्हे. सूक्ष्म सोन्याच्या नावाने रोगमुक्तीची हमी कोणी देऊ लागला, तर आपणांस सोन्याचे जाणकार समजून शेजारीपाजारी विचारतील. त्या वेळी आपल्या वाडवडिलांचे उत्तर द्यावे: आधी कसोटीचा दगड आणा. नुसत्या झळाळीवर ज्यांनी कधी सोने घेतले नाही, त्यांनी झळाळत्या शब्दांवर औषध का घ्यावे?

यंत्रघडीच्या दागिन्यांमुळे आपल्या कारागिरांचे काम आटत चालले आहे. परंतु बारीक नजर, स्थिर हात आणि रतीचाही हिशेब चुकू न देण्याची सवय ही आपली खरी ठेव होय. प्रयोगशाळेस नेमके हेच गुण लागतात. आपल्या मुलामुलींनी विज्ञानाकडे वळावे व मंडळाने त्यांच्या शिक्षणास हातभार लावावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.