भाऊबीजेच्या आत किती दोरे?

(या भागाचं शब्दांकन. ऐकताना जे हसू आलं ते काढून टाकलंय, बाकी बोलणं जसंच्या तसं.)

आज मंगळवार, १४ ऑक्टोबर. शुक्रवारी वसुबारस. म्हणजे पिंपळगाव बसवंतमध्ये सध्या कोणालाही कशालाही वेळ नाही, आणि नेमका याच वेळी मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असतो, "ताई, दिवाळीपर्यंत एक गोधडी होईल का?"

एक! सगळ्यांना एकच हवी असते. पण अशा पाच जणांना एकेक हवी असते, आणि ती सगळी माझ्या अंगणात एकाच लोखंडी पेटीवर येऊन बसतात. तर आज तेच सांगणार आहे. एका वेळी चार-पाच गोधड्या हातात असताना कुठली आधी घ्यायची, कोणाला नाही म्हणायचं, आणि हे ठरवायचं कोणी.

आधी हा घोळ दिवाळीतच का होतो ते सांगते. घट बसायच्या आधी आपल्याकडे घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुतात. वर्षभर घडी घालून ठेवलेली गोधडी बाहेर निघते, ओली झाली की दहा किलोची होते, आणि आपटताना तिचं खरं वय कळतं. वरचं कापड विरलेलं, मधली भर एका कोपऱ्यात गोळा झालेली. मग ती येते माझ्याकडे. त्यात यंदा घटस्थापना २२ सप्टेंबरला, आणि त्या आठवड्याच्या शेवटी काय पाऊस झाला ते नाशिककरांना सांगायला नको. जुनी साडी गोधडीत घालायची तर धुऊन खळखळीत वाळलेली लागते. जरा दमट राहिली आणि चार थरांत शिवली गेली की आंबूस वास धरते, तो जात नाही. त्यामुळे सप्टेंबरात जे उरकायचं ते ऑक्टोबरात आलं.

आणि ऑक्टोबर म्हणजे इकडे छाटणी. निफाड तालुक्याबाहेरच्यांसाठी सांगते, द्राक्षाला वर्षात दोन छाटण्या. एप्रिलमधली खरड छाटणी आणि आता ही गोडी छाटणी, जिच्यावर माल धरतो. छाटणी झाली की पंधरा-वीस दिवसांत फेलफुटी काढणं, शेंडे खुडणं, मग विरळणी. ही सगळी बायकांच्या हातची कामं. टोमॅटोही चालूच. म्हणजे ज्या हातांना सुई चांगली येते, तेच हात दिवसभर बागेत. बाहेरगावचे लोक मला म्हणतात, गावात काय, रिकाम्या बायका भरपूर असतील. एकदा या सकाळी साडेसातला आमच्या चौकात. पिकअप भरभरून चाललेल्या असतात.

आता हिशेब. माझ्याकडे नवीन मुली शिकायला येतात, त्यांना मी आधी सुई देत नाही, टेप देते. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, पन्हा ४५ इंच. तिचे साडेचार-साडेचार फुटांचे चार तुकडे करा. दोन तुकडे एकमेकांना जोडले की साडेसात फूट बाय साडेचार फूट. उरलेल्या दोघांचंही तसंच. म्हणजे एका सहावारीत एका माणसाच्या गोधडीचं वरचं आणि खालचं, दोन्ही निघालं, चिंधीसुद्धा उरली नाही. नऊवारी असेल तर सहा तुकडे. एक गोधडी, आणि वर एका बाळाचं दुपटं. मला तर कधीकधी वाटतं, साडीची लांबी कोणीतरी गोधडी डोळ्यांसमोर ठेवूनच ठरवली असावी. तसं काही नसणार, पण वाटतं.

मग भर. दोन जुन्या साड्या किंवा चादरी मध्ये. सगळं अंगणात अंथरायचं, चारी बाजूंनी ताणायचं, मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यायचं आणि मग दोरे. एक दोरा म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेसात फूट धावदोरा. दोन दोऱ्यांत दोन सेंटिमीटर अंतर ठेवलं तर साडेचार फुटांत सत्तरच्या आसपास दोरे बसतात. सरावाच्या हाताला एका दोऱ्याला पंधरा मिनिटं. सत्तर दोरे, साडेसतरा तास. म्हणून मी "किती गोधड्या आहेत" असं मोजतच नाही. किती दोरे आहेत ते मोजते. गोधडी म्हटलं की माणूस पटकन हो म्हणून बसतो. दोरे म्हटलं की जीभ जागेवर राहते.

दोऱ्याची चालही बघावी लागते बरं का. आम्ही उभे सरळ दोरे घालतो, मधून सुरुवात करून बाहेर जातो. त्यामुळे दोघी जणी एकाच गोधडीवर बसू शकतात, एक मधल्यापासून डावीकडे, दुसरी उजवीकडे. झोळ बाहेर सरकत जातो. कर्नाटकात यल्लापूर, हळियाळकडच्या सिद्दी बायकांची कवंडी मात्र कडेपासून सुरू होते आणि फिरत फिरत मध्ये येऊन संपते. कोपऱ्यात कापडाचं फूल लावतात, ते नसेल तर कवंडी उघडी मानतात. सुंदर असते. पण मला दिवाळीत ती चाल परवडणार नाही, कारण मला एका गोधडीवर दोन मावश्या बसवायच्या असतात.

तर यंदा पेटीवर काय काय होतं? शेजारच्या ताईची मुलगी बाळंतपणाला आलीय, दिवस महिनाअखेरचे, तिची दोन दुपटी. वस्तीवरच्या एका आजोबांची जुनी गोधडी, वरचं कापड बदलायचं, थंडीच्या आत. निफाडची थंडी तुम्ही बातम्यांत बघता, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा दरवर्षी सांगतात. टीव्हीवर तो आकडा असतो, वस्तीवर पत्र्याखाली ती रात्र असते. मग चार गोधड्या एका घरच्या, त्यांचं सविस्तर सांगते. आणि पुण्याच्या एका मुलाची ऑर्डर, नवीन फ्लॅटमधल्या सोफ्यावर टाकायला, ठिगळांची, रंगीत, लक्ष्मीपूजनाच्या आधी हवी. त्याने इन्स्टावर बघितलं होतं. पैसे सगळ्यात जास्त तोच देणार, पाच हजार. आमच्या घरची जी फाटली ती मोजलीच नाही. शिवणाऱ्याच्या घरची गोधडी फाटकीच असते.

ती चार गोधड्यांची गोष्ट. एक ताई आल्या, पिशवीत सात साड्या. आई मार्चमध्ये गेली, ही तिच्यानंतरची पहिली दिवाळी. घरात फराळ नाही करणार. पण भाऊबीजेला दोघे भाऊ आणि दोघी बहिणी एकत्र येणार, तेव्हा प्रत्येकाला आईच्या साड्यांची एकेक गोधडी द्यायची, कोणाला आधी सांगायचं नाही. २३ ऑक्टोबर.

मी साड्या चाचपल्या. तीन सुती, चार सिंथेटिक. हे आता सगळीकडे आहे. आजीच्या पेटीत सुती लुगडी निघायची, आईच्या कपाटात निघतं ते बहुतेक जॉर्जेट आणि शिफॉन. सिंथेटिक साडी अंगाशी आली तर घाम शोषत नाही, आणि थरांत घातली तर सरकते. तीन सुती साड्यांत चार गोधड्यांचं वरचं-खालचं होत नाही. कोणालातरी आईची साडी बाहेरून मिळणार नाही. त्या ताई लगेच म्हणाल्या, माझी राहू द्या, तिघांना करा. बहिणीच असं बोलतात, भाऊ बोलल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

मी म्हटलं थांबा, मोजू. तीन साड्या, प्रत्येकी चार तुकडे, बारा. माणसं चार. प्रत्येकाला तीन. दोन तुकड्यांचं वरचं पूर्ण आईचं. तिसरा तुकडा खालच्या अर्ध्या भागाला, आणि उरलेल्या अर्ध्याला मालेगावचं नवं सुती कापड. चार सिंथेटिक साड्यांचे सोळा तुकडे, प्रत्येकाला चार, ते भरीत. आत अंगाला लागत नाहीत, फक्त टाचताना नेहमीपेक्षा दुप्पट टाके घालावे लागतात म्हणजे सरकत नाहीत. सातही साड्या चौघांत सारख्या. कात्री लावायच्या आधी त्या ताईंनी एकदा प्रत्येक साडीचा पदर हातात घेऊन बघितला. मी तेवढा वेळ आत जाऊन चहा ठेवला.

हे काही आपणच करतो असं नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून एक छोटी वस्ती आहे, कापसाच्या शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांची. तिथल्या मिझुरी पेटवे या बाईंनी १९४२ मध्ये, नवरा गेल्यावर, त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. डाग, विटलेले गुडघे, सगळं दिसतं त्यात. त्या गावच्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या. नेटवर फोटो आहेत, नक्की बघा. मला भिंतीपेक्षा त्या पँटचे गुडघे जास्त लक्षात राहिले.

आता हात. मी दिवसाला चार तास बसू शकते. एक काकू आहेत, गुडघ्यांमुळे बागेत जात नाहीत, त्यांचे तीन तास, तेही उजेडात. आणि दोन मावश्या, बागेतून आल्यावर, भाकरी टाकून, दीड-दीड तास. एकूण दहा तास. ८ तारखेपासून १६ पर्यंत नऊ दिवस, कारण वसुबारसेनंतर कोणी सुईला हात लावत नाही, चकली असते. नव्वद तास. काम किती? चार गोधड्या, २८० दोरे, सत्तर तास. दुपट्यांचे आठ, आजोबांचे दहा. अठ्ठ्याऐंशी. सोफ्याचे वीस तास कुठून आणायचे?

माझा नियम घरातून आलेला आहे. आधी लेकरू, मग म्हातारं माणूस, मग बाकीचे. ज्याला थंडी वाजणार त्याचं आधी. त्या हिशेबाने सोफा शेवटी. पण हा नियम मी एकटीने लावायचा का? कारण पैसे सोफ्याचे जास्त, आणि दिवाळी मावश्यांचीही असते. मी दोऱ्यावर पैसे देते, दोऱ्याला वीस रुपये, त्याच संध्याकाळी हातात. सोफ्याच्या कामाला तीस देता आले असते. म्हणून ७ तारखेला सगळ्यांना बसवून सांगितलं, असं असं आहे.

एक मावशी म्हणाली, "सोफ्याला कुठं थंडी वाजती?" सगळ्या हसलो. दुसरी नाही हसली. म्हणाली, "सोफ्याला नसंल वाजत. पण माझ्या पोराला दिवाळीला कपडे घ्यायचेत ना बाई."

मग कोणी बोललं नाही जरा वेळ. आणि तिचं बरोबरच होतं. आठवणींची गोधडी, माया, ऊब, हे सगळं बोलायला छान आहे, पण ती ज्या बोटांनी होते त्या बोटांना दिवसभर द्राक्षाच्या काडीने ओरखडे पडलेले असतात. तुम्ही कोणी हाताच्या कामाची ऑर्डर देताना "भाव जास्त वाटतोय" असं लिहिता ना, त्याच्या आधी पंधरा मिनिटं धावदोरा घालून बघा. हायवेवर पानिपतचं ब्लँकेट स्वस्त मिळतं, ते घ्या, त्यात काही वाईट नाही. पण दोन्हींचा भाव एकत्र तोलू नका.

शेवटी काय केलं, तर त्या चार गोधड्यांचे अर्धे पैसे ताईंकडून आधी मागून घेतले. साधारण मी असं मागत नाही, सुतकाच्या वर्षातल्या घराकडे तर नाहीच. पण कारण सांगितलं, त्यांनी त्याच दिवशी पाठवले. त्यातून दुसऱ्या मावशीला तिच्या पुढच्या नऊ संध्याकाळींची मजुरी एकदम दिली. कपडे झाले पोराचे. तीस आणि वीसमधला फरक मात्र मला भरून काढता आला नाही. तो तिने सोसला, मी नाही.

मशिनवर का नाही, असं कोणीतरी विचारणारच. होतं मशिनवर, एक दिवसात होतं. बाळाचं दुपटं तर मशिनवर चांगलंच होतं, पातळ असतं, रोज धुवायचं असतं. यावेळी हाताने केलं कारण त्या मुलीच्या आईने तसं मागितलं. पण जाड थरांवर मशिनचा टाका घट्ट बसतो, कापड दबतं, गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. हाताचा टाका जरा सैल असतो, त्या सैलपणात हवा राहते, आणि ऊब त्या हवेची असते. आणि जुनं विरलेलं सुती कापड मशिनच्या टाक्यावर पुढे फाटत जातं. आईच्या साडीला मी ते करणार नाही.

पुण्याच्या मुलाला सरळ लिहिलं, दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या आसपास देते, भाव तोच, घाईचे जास्तीचे पैसे नकोत. दोन निळ्या टिका दिसतायत. उत्तर नाही. नाही आलं तर ठिगळं कापून ठेवलेली आहेत, कोणाच्या तरी सोफ्यावर जातीलच.

दुपटी गेली. आजोबांची गोधडी त्यांचा नातू शनिवारी मोटारसायकलवर बांधून घेऊन गेला. चारपैकी दोन पूर्ण झाल्या, तिसरी कालपर्यंत अठ्ठाविसाव्या दोऱ्यावर आहे. काकूंनी आज मधल्यापासून डावी बाजू घेतलीय. फाटक वाजलं, मावश्या आल्या वाटतं. थांबते इथेच, उजेड आहे तोवर सुया ओवून द्यायच्यात.