रणांगणापासून क्रीडांगणापर्यंत : आमचे आप्पा
(सुवर्ण महोत्सव समारंभात केलेले भाषण)



पन्नास वर्षांच्या वाटचालीत या संस्थेला अनेकांनी उदारहस्ते दान दिले. त्यांची नावे सभागृहाच्या दर्शनी शिलेवर कोरलेली आहेत. मला आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे, त्यांचे नाव त्या शिलेवर नाही. त्यांनी दिली ती आपली रोजची संध्याकाळ. आपण सर्वांनी त्यांना ‘आप्पा’ म्हटले आणि आजही तेच म्हणतो.

आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत, म्हणजे ‘जंगी पलटणी’त होते. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तीच्या युद्धात ही पलटण जमालपूरच्या लढाईत होती. १६ डिसेंबर रोजी ढाक्यात शरणागतीपत्रावर सह्या झाल्या आणि सुमारे ९३ हजार युद्धकैदी भारताच्या ताब्यात आले. हा इतिहास आपण पुस्तकांत वाचतो. आप्पांच्या तोंडून मात्र तो फारसा कोणी ऐकला नाही. “आप्पा, तुम्ही किती शत्रू मारले?” असे आम्ही मुले विचारत असू. ते म्हणत, “मोजायची हौस असेल तर सूर्यनमस्कार मोज. चल, पंचवीस घाल.”

निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी दोनच गोष्टी केल्या. पहिली घरातली. पहाटे उठून विहिरीचे पाणी शेंदून आणणे हे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आणि गुडघे थकेपर्यंत सोडले नाही. लोक हसले, तेव्हा म्हणाले, “मी पलटणीत होतो तेवढी वर्षे हिने एकटीने पाणी शेंदले, पोरे वाढवली, शेत राखले. ती बाकी फेडतोय.” दुसरी गोष्ट म्हणजे संस्थेच्या मागच्या पडीक जागेतले दगड वेचून त्यांनी कबड्डीचे मैदान आखले. रात्रिभोजनाचा त्याग असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी आक्का मैदानावर डबा पाठवीत. मैदानाच्या कडेला बसून आप्पा भाकरी खात, पण नजर खेळावरून हलत नसे.

या मैदानाचा एक नियम होता. चढाई करणाऱ्याचा स्पर्श झाला आणि तो सुखरूप मध्यरेषेपार गेला, तर बचावातल्या खेळाडूने पंचाच्या शिट्टीची वाट न पाहता स्वतः हात वर करून बाहेर जायचे. आप्पा म्हणत, “पंचाचे डोळे दोन. तुझा स्पर्श तुला ठाऊक.”

हा नियम मी मोडला होता. आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतो.

शेजारच्या गावाशी सामना होता. शेवटची चढाई त्यांची होती आणि आम्ही एका गुणाने पुढे होतो. त्या मुलाची बोटे माझ्या गुडघ्याला लागली आणि तो परत गेला. त्याने पंचांकडे दाद मागितली. पंचांनी पाहिले नव्हते. मी हात खालीच ठेवला. आम्ही जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेतले. आप्पांनी मात्र माझ्याकडे एकदाच पाहिले आणि मैदानाची रेघ पुसायला वाकले.

पुढे दशलक्षण पर्व आले. तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जव धर्मावर प्रवचन झाले. मनात, वाणीत आणि कृतीत एकच असणे म्हणजे आर्जव. मी खाली मान घालून ऐकले. क्षमावाणीच्या दिवशी सकाळी आप्पा सायकल घेऊन दारात उभे. म्हणाले, “बस मागे.” कुठे जायचे, हे मी विचारले नाही.

त्या मुलाचे घर गावाबाहेर मळ्यात होते. तो आपल्या समाजाचा नव्हता. क्षमावाणी म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हते. मी कसेबसे म्हणालो, “त्या दिवशी तुझा हात लागला होता.” तो म्हणाला, “मला ठाऊक होतं. तू येशील असं मात्र वाटलं नव्हतं.” त्याच्या आईने आम्हा दोघांच्या हातांवर भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या. एवढेच घडले.

परतताना नदीच्या पुलाजवळ आप्पांनी सायकल थांबविली आणि मला युद्धातील एकच प्रसंग सांगितला. लढाईनंतरच्या सकाळी रस्त्याच्या कडेला शत्रूचा एक जखमी शिपाई पडला होता. वय त्यांच्याइतकेच. तो पाणी मागत होता. रात्रीच आप्पांचा जोडीदार पडला होता. कमरेच्या बाटलीत पाणी असूनही ते न थांबता पुढे गेले. काही वेळाने मन लागेना, म्हणून मागे आले, तेव्हा तो शिपाई तेथे नव्हता. त्याला कोणी उचलून नेले की काय झाले, हे कधीच कळले नाही. आप्पा म्हणाले, “गोळ्या झाडल्या ते कर्तव्य होतं. त्याचं कर्म मला भोगायचंच आहे. पण पाणी न देणं कुणाच्या हुकुमात नव्हतं. तुझा माणूस दोन कोसांवर होता, बाळ. माझ्या माणसाची क्षमा मागायला मी कोणत्या गावाला जाऊ?”

मित्रहो, अहिंसेचे व्रत सांगणाऱ्या संस्थेत सैनिकाचा गौरव कसा करावा, अशी शंका काहींच्या मनात येते. ती प्रथम आप्पांनीच काढली होती. संस्थेने शाल-श्रीफळ देऊ केले, तेव्हा ते म्हणाले, “सत्कार खेळाचा करा, लढाईचा नको.” आपल्या श्रावकाचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्णतः त्यागावी. रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा त्याला सर्वस्वी टाळता येत नाही, तथापि तिचा अभिमानही बाळगता येत नाही. श्रवणबेळगोळला बाहुबलींची सुमारे ५७ फूट उंच मूर्ती घडवून घेणारे चामुंडराय हे गंग राज्याचे सेनापती होते, आणि मूर्तीच्या पायथ्याशी मराठी अक्षरांत त्यांचे नाव आहे. सेनापतीने मूर्ती घडविली ती राज्य जिंकून राज्य सोडणाऱ्याची, हे ध्यानी घ्यावे.

आप्पा आम्हांला बाहुबलींचीच कथा सांगत. भरत आणि बाहुबली यांच्या सेना समोरासमोर उभ्या राहिल्या. व्यर्थ संहार टळावा म्हणून मंत्र्यांनी दोघा भावांतच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध ठरविले. आप्पा म्हणत, “खेळ म्हणजे हेच. कुणी मरत नाही, आणि कोण कसा आहे ते कळतं.” मल्लयुद्धात बाहुबलींनी भावाला डोक्यावर उचलले, पण आपटले नाही. मैदानावर पकड केल्यावर पडलेल्या खेळाडूला हात देऊन उठविण्याची शिस्त आप्पांनी येथूनच घेतली होती.

आप्पा आज आपल्यात नाहीत. शेवटच्या आजारपणात मी भेटीला गेलो, तेव्हा बोलणे जवळजवळ थांबले होते. त्यांनी फक्त उजवा हात किंचित वर केला. आक्कांना वाटले, पाणी हवे आहे. मला अर्थ कळला.

आज त्या मैदानावर मुलींचाही संघ सरावाला येतो. विश्वस्तांना माझी एक नम्र विनंती आहे. मैदानाला आप्पांचे नाव द्यावयाचे की नाही, हा आपला अधिकार. त्यांना ते रुचले नसते. परंतु प्रवेशद्वारावर त्यांचा नियम मात्र लिहावा : ‘स्पर्श झाला असेल, तर हात वर करा.’ घरात, व्यवहारात आणि या संस्थेच्या सभेतही तो आपणांस उपयोगी पडेल.