पांढरी काठी

एकुलत्या एका मुलाला आपण आईबापांची ‘आंधळ्याची काठी’ म्हणतो. सगळा भार ज्याच्यावर, तो. पण अंध माणसाच्या हातातली पांढरी काठी कधी नीट पाहिलीत? तिच्यावर तो भार टाकतच नाही. टाकावा इतकी ती जाडजूड नसतेही.

तिला आधी रंग मिळाला. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जेम्स बिग्ज नावाचे छायाचित्रकार होते. १९२१ साली अपघातात त्यांची दृष्टी गेली. रस्त्यावर मोटारी वाढत चालल्या होत्या; चालकांना आपण दिसावं म्हणून त्यांनी काठीला पांढरा रंग दिला. १९३१ मध्ये पॅरिसला गिली देर्बमाँ या बाईंनी अंधांना पांढऱ्या काठ्या देण्याची मोहीमच काढली. इथवर काठी बोलत होती ती इतरांशी: मला दिसत नाही, तुम्ही जपून चालवा.

धरणाऱ्याशी ती बोलायला लागली दुसऱ्या महायुद्धात. दृष्टी गमावलेले सैनिक अमेरिकेतल्या व्हॅली फोर्ज इथल्या लष्करी रुग्णालयात येत. १९४४ च्या सुमारास तिथे रिचर्ड हूवर यांनी जवळजवळ छातीपर्यंत पोचणारी, हलकी काठी आणली आणि ती फिरवायची पद्धतही बसवली. काठीचं टोक खांद्यांच्या रुंदीएवढं डावीउजवीकडे फिरवायचं. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा टोक डावीकडे टेकतं. म्हणजे डावा पाय जिथे पडणार, ती जागा आधीच चाचपून झालेली असते. पायरी, खड्डा, फरशी संपून माती लागली, हे सगळं मनगटाला आणि कानाला कळतं.

आपल्याकडच्या फुटपाथवर मात्र ही विद्या पणाला लागते. आणि काठी सांगते ते जमिनीपुरतंच! दुकानाची लोंबती पाटी, झाडाची फांदी, ट्रकच्या मागून बाहेर आलेल्या सळ्या तिला कळत नाहीत, त्या थेट कपाळाला कळतात. त्यावर आयआयटी दिल्लीनं ‘स्मार्टकेन’ तयार केली. काठीला बसवलेलं हे यंत्र कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडतं आणि पुढे अडथळा असला की मूठ थरथरते.

१५ ऑक्टोबर हा पांढऱ्या काठीचा दिवस. त्या दिवशी, किंवा एरवीही, कुणाला रस्ता ओलांडून द्यायचा असेल तर काठी धरून ओढू नका. आधी विचारा, मग आपलं कोपर पुढे करा. धरायचं ते त्यांनी, आपण नव्हे.