यकृतारोपणाची वेळ

यकृत हा मोठा सोशीक अवयव आहे. त्याचा बराचसा भाग निकामी झाला तरी उरलेला भाग पुष्कळ दिवस काम रेटीत राहतो. म्हणूनच जुनाट यकृतविकारात वैद्यांपुढे अवघड प्रश्न उभा राहतो : दुसऱ्याचे यकृत बसवावयाचे, तर ते केव्हा?

घाई केली, तर ज्याचे स्वतःचे यकृत आणखी काही वर्षे चालले असते त्याचा जीव शस्त्रक्रियेत विनाकारण पणास लागतो. फार थांबले, तर मूत्रपिंडे खालावतात, अंगातील मांस झडते आणि रोग्यास शस्त्रक्रियाच सोसत नाही. पोटात पाणी साठणे, रक्ताची उलटी होणे, बुद्धीला भ्रम पडणे, यांपैकी काहीही दिसताच तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, तो याचसाठी.

अमेरिकेत डेन्व्हर येथे १९६३ साली डॉ. टॉमस स्टार्झल यांनी मानवावर यकृतारोपणाचा पहिला प्रयत्न केला. रोगी वाचला नाही. पुढे ही विद्या साध्य झाली, पण यकृते थोडी आणि रोगी फार, अशी नवी अडचण आली. प्रतीक्षायादीत किती दिवस काढले, याला तेव्हा तेथे मोठे वजन असे. परंतु आधी नाव नोंदविणारा अधिक आजारी असतोच असे नाही. म्हणून २००२ साली तेथे ‘मेल्ड’ नावाची गणना लागू झाली. रक्तातील बिलिरुबिन व क्रिएटिनिन यांचे प्रमाण आणि रक्त गोठण्यास लागणारा वेळ, यांवरून तेव्हा ६ ते ४० असा अंक निघे. अंक जितका मोठा, तितका तीन महिन्यांत मृत्यू येण्याचा संभव अधिक. अंक पंधराच्या खाली असल्यास बहुधा थांबणेच हिताचे ठरते.

मात्र गणितातही अन्याय दडून राहू शकतो. क्रिएटिनिन स्नायूंपासून उत्पन्न होते. स्त्रियांचे स्नायू सामान्यतः कमी. त्यामुळे तितक्याच आजारी स्त्रीचा अंक पुरुषाहून लहान निघे आणि ती मागे पडे. २०२३ साली अमेरिकेत सूत्र सुधारून हा दोष कमी करण्यात आला.

भारतात अवयवारोपणाचा कायदा १९९४ साली झाला. येथे बहुतेक यकृते जिवंत नातलगांच्या शरीरातील अंश म्हणून मिळतात. तेव्हा आपल्याकडे वेळ ठरविताना वैद्यास दोन जिवांचा विचार करावा लागतो : एक अंथरुणावरचा, आणि दुसरा धडधाकट असून त्याच्यासाठी शस्त्रक्रियेस सिद्ध झालेला. मरणोत्तर अवयवदान वाढेल, तर या दुसऱ्या जिवावरील भार हलका होईल.