मदतपुस्तिका लिहिणार कोण?



आपल्या मंडळाचा हिशेब आता वहीत नसतो, संगणकावर असतो. त्यासाठी लिब्रेऑफिस वापरतो, आणि ते फुकट मिळते, एवढे सर्वजणी जाणतातच. पण ते कसे वापरावे हे सांगणारी पुस्तिका कोण लिहिते, हे मला आज सांगावयाचे आहे.

२०१० साली काही कार्यकर्त्यांनी जुन्या ओपनऑफिसपासून वेगळी चूल मांडली, ते हे लिब्रेऑफिस. त्याच्या पुस्तिका बहुतेक बिनपगारी माणसे लिहितात. एकाने प्रकरण लिहावयाचे, दुसऱ्याने ते वाचून तपासावयाचे, मग प्रसिद्ध करावयाचे. पुस्तिकेच्या आरंभीच लिहिणाऱ्यांची नावे असतात. मागील आवृत्तीसाठी राबलेल्यांचीसुद्धा गाळीत नाहीत. (आपल्या वार्षिक अहवालाने हे घेण्याजोगे आहे!)

तुम्ही म्हणाल, तिथे मोठे शिकलेले लोक. सातवी झालेल्या बाईने काय भर घालावी? मी म्हणते, घालावी. पापडांच्या हिशेबात एका रकान्यात "५० रुपये" असे अक्षरांसकट लिहिले गेले. बेरीज आली, पण त्यात ते पन्नास नव्हते. यंत्र तक्रार करीत नाही. अक्षरे असली की तो आकडा न धरता पुढे जाते. रकान्यात नुसता आकडा लिहावा, रुपयाचे चिन्ह मांडणीतून द्यावे, एवढाच उपाय. पण ज्याने हे यंत्र घडविले त्याला आकड्यापुढे कोणी "रुपये" लिहील असे सुचणारच कसे? ते आपल्याच खजिनदारबाईंना कळते. स्वयंपाकाचे पुस्तक लिहिणारीही "मीठ चवीपुरते" म्हणून मोकळी होते. नव्या सुनेलाच विचारावे लागते, म्हणजे किती?

कोणीही लिहू लागले तर चुका शिरतील, ही भीती खोटी नाही. म्हणूनच तपासणारा हवा. पण दारच लावून घेतले, तर जिथे माणूस अडतो ती जागा पुस्तिकेत कधीच येणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी. कपाटात एक वही ठेवू. जिथे अडलो ते मराठीत, तारीख घालून, काय केले आणि काय झाले असे लिहावे. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलींनी ते इंग्रजीत करून पाठवावे. पाठविण्यापूर्वी मात्र जिची अडचण तिला वाचून दाखवावे. पहिले पान पापडांच्या पन्नास रुपयांचे. वही मी आणली आहे, पेन्सिल दोऱ्याने बांधली आहे.