पटाची जोडी आणि घराचें देणें
(जुबिली समारंभाच्या दिवशीं केलेलें भाषण)



जुबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. आनंदाच्या दिवशीं कर्जाची गोष्ट काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु जुबिलीचा आणि देण्याचा संबंध फार जुना आहे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, पन्नासाव्या वर्षीं प्रत्येकास त्याचें वतन परत मिळावें आणि दारिद्र्यामुळें जो चाकरींत अडकला त्यानें मोकळें होऊन आपल्या कुळांत परत जावें. म्हणून आमच्याच घरीं घडलेली एक हकीकत आपणांपुढें ठेवितों.

आमच्या वडिलांपाशीं पटाच्या बैलांची जोडी होती. पुण्या-साताऱ्याकडे ज्यास बैलगाडा शर्यत म्हणतात, त्याच जातीचा खेळ आपल्या मराठवाड्यांत शंकरपट या नांवानें चालतो. आपल्याकडील लाल कंधारी बैल शेतकामास उत्तम. पण पटाच्या शौकिनाचा जीव खिल्लारावर. अंगानें सडपातळ, पायानें चपळ आणि दिसण्यांत देखणा. वडिलांनीं हे दोन्ही गोऱ्हे लहानपणापासून वाढविले होते. आमच्या पानांत ज्वारीची भाकरी असे; पण राजा व सोन्या यांची सरकी-पेंड कधीं चुकली नाहीं. हें आम्ही तक्रार म्हणून सांगत नाहीं. पोळ्याच्या दिवशीं त्या जोडीवर झूल पडली म्हणजे आमचीही छाती फुगत असे.

पुढें सन २०१२ चा दुष्काळ आला. बीड जिल्ह्यांत जनावरांसाठीं चारा-छावण्या उघडाव्या लागल्या. २०१३ च्या जानेवारींत वडिलांनीं विंधन विहिरीसाठीं एका सावकाराकडून १,००,००० रुपये दरमहा शेंकडा तीन या दरानें घेतले. विहिरीस पाणी लागलें नाहीं. व्याज मात्र दरमहा ३,००० रुपयांप्रमाणें चालू राहिलें.

वर्षभरांत देणें १,३६,००० झालें. त्याच सुमारास एक शौकीन गृहस्थ जोडीचे १,६०,००० रुपये द्यावयास तयार झाले. सर्व देणें फिटून २४,००० हातीं उरले असते. परंतु वडील म्हणाले, "जोडी विकली तर गांवांत तोंड कसं दाखवूं?" गिऱ्हाईक परत गेलें.

७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशा शर्यतींस मनाई केली. पट बंद पडले. त्या वर्षीं पाऊसही कमी झाला आणि कडबा महागला. जोडी तीच होती, तिची चालही तीच होती; पण जिच्यावर तिची किंमत उभी होती ती शर्यतच राहिली नाहीं.

ऑक्टोबरांत देणें १,६३,००० वर गेलें आणि मुकादम दारीं आला. ऊसतोडीची उचल म्हणजे काय, हें बीड जिल्ह्यांत कोणास सांगावयास नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामापूर्वीं उचल घ्यावयाची आणि पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत उसाच्या फडांत राबून ती फेडावयाची. फिटली नाहीं तर बाकी पुढील वर्षावर. वडिलांचा विचार असा कीं, उचल घेऊन सावकाराचें तोंड बंद करावें, पण जोडी राखावी. मातोश्री एरवीं त्यांच्या शब्दाबाहेर जात नसत. त्या दिवशीं मात्र म्हणाल्या, "अहो, आपण फडावर गेलों तर पोरीला कोणापाशीं ठेवायचं? तिची शाळा सुटेल. आणि ज्या बैलांसाठीं जायचं, त्यांना चारा घालायला तरी घरीं कोण राहील?"

वडिलांपाशीं याचें उत्तर नव्हतें. ते रात्रभर दावणीपाशीं बसून राहिले. पुढच्या बाजारीं नेकनूरास रुमालाखालीं बोटें दाबून सौदा झाला, ७०,००० रुपयांस. बैल एका शेतकऱ्यानें औतासाठीं नेले. घुंगुरमाळा वडिलांनीं दिल्या नाहींत. त्या अजून आमच्या घरीं खुंटीस आहेत. उरलेल्या ९३,००० रुपयांवरील पुढचें व्याज सावकारानें पंचांसमक्ष सोडलें, आणि ती रक्कम आम्हीं सर्वांनीं मजुरी करून चार वर्षांत फेडली. धाकटी बहीण शाळेंत राहिली.

बंधूंनो, यांतून आम्ही काय शिकलों? पहिली गोष्ट, राबणारी जोडी निराळी आणि मिरविण्याची जोडी निराळी. अनुवाद पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायांत कोणाचें जातें गहाण घेऊं नये अशी आज्ञा आहे, कारण तें घेणें म्हणजे त्या माणसाचें जगणेंच गहाण घेणें होय. आपल्या देशाचा १९०८ चा दिवाणी प्रक्रियेचा कायदाही हेंच पाहतो. त्याच्या ६० व्या कलमाप्रमाणें कारागिराचीं हत्यारें, तसेंच शेतकऱ्याचीं अवजारें व उपजीविकेस आवश्यक ठरतील तीं जनावरें जप्त करतां येत नाहींत. हाच भेद आपण घरीं करावा. औताचा बैल, शिवणाचें यंत्र हीं शेवटपर्यंत राखावीं. शर्यतीची जोडी असो, हौसेची मोटार असो, घरावर व्याज चढूं लागलें कीं प्रथम तिचा विचार करावा.

दुसरी गोष्ट, हौसेच्या वस्तूची किंमत दुसऱ्याच्या हातीं असते आणि व्याज पंचांगाप्रमाणें चालतें. विकावयाचेंच असेल तर गिऱ्हाईक आपल्या दारीं आहे तोंवर विकावें. आपणांस त्याच्या दारीं जावें लागलें म्हणजे भाव त्याचा.

१६ डिसेंबर २०२१ रोजीं न्यायालयानें शर्यतींस पुन्हां परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें त्यासंबंधींचे कायदे कायम केले. तेव्हां कित्येक जण वडिलांस म्हणाले, "थोडे थांबला असतां तर!" वडील म्हणाले, "सात वर्षांचा चारा आणि सात वर्षांचं व्याज कोणीं दिलं असतं? आणि बैल तरी तोंवर तरणे राहिले असते काय?"

शेवटची विनंती शेजाऱ्यांस आहे. आमच्या वडिलांस प्रथम अडविलें तें केवळ बैलांच्या मायेनें नव्हे. लोक हंसतील या धाकानें अडविलें. त्या धाकाची किंमत आमच्या घरानें ९३,००० रुपये मोजली. आपल्या धर्मग्रामांत कोणी देणें फेडण्यासाठीं आपली आवडती वस्तु विकली, तर "किती आले?" असें विचारूं नका. त्याच्या ओट्यावर घटकाभर बसा, चहा घ्या, रिकाम्या दावणीकडे न पाहतां बोला. एवढें झालें तरी आमच्या जुबिलीचें सार्थक झालें, असें आम्ही मानूं.